वाचकांचे प्रश्न : हिरवी खूण खरी कधी मानायची?

प्रश्न : आमच्या सीआयवर (कोड बदलला की तो आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) साधारण तीनशे टेस्ट चालतात. कोडमध्ये काही बदललेलं नसतानाही त्यांतल्या काही कधी पास होतात, कधी फेल. म्हणून फेल झालेली टेस्ट आपोआप जास्तीत जास्त तीनदा चालेल अशी सोय टीमने केली आहे. ही पद्धत योग्य आहे का?

तात्पुरती म्हणून चालेल, कायमची म्हणून अजिबात नाही. समजा, तुमच्या कोडमध्येच दोन थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) शर्यत आहे आणि ती वीस वेळांतून एकदा टेस्ट पाडते. तीन प्रयत्नांपैकी एक पास झाला तरी चालतं असं ठरवलं, की तोच बग आठ हजार वेळांतून एकदा दिसेल. तो गेलेला नसतो, फक्त तुमच्या नजरेआड होतो. वापरणाऱ्याला मात्र तो वीसातून एकदाच भेटत राहतो.

तीनशे टेस्टपैकी प्रत्येक टेस्ट हजारात एकदाच विनाकारण फेल होते असं धरलं, तरी दर चार बिल्डमागे (सीआयच्या पूर्ण फेऱ्यांमागे) साधारण एक लाल, म्हणजे फेल होणार. मग लाल खूण दिसली की 'परत चालवा' ही सवय लागते आणि टेस्ट लिहिण्याचा हेतूच संपतो. गूगलने २०१६ साली आपले आकडे प्रसिद्ध केले होते. तिथे सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमी-अधिक प्रमाणात असा लहरीपणा आढळला, आणि पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी ८४ टक्क्यांमध्ये लहरी टेस्टचा हात होता. तेव्हा हा त्रास फक्त तुमच्या टीमचा नाही.

कारण शोधताना पहिला संशय टेस्टच्या क्रमावर घ्या. पायथनच्या टेस्ट चालवणारं पायटेस्ट वापरत असाल तर 'पायटेस्ट-रँडमली' हे प्लगइन बसवा. ते क्रम पिसतं आणि वापरलेला सीड (तोच क्रम पुन्हा मिळवून देणारा आकडा) सुरुवातीलाच छापतं. टेस्ट फेल झाली की तोच सीड देऊन पुन्हा चालवा. तीच टेस्ट पुन्हा पडली आणि एकटी चालवल्यावर पास झाली, तर आधीच्या एखाद्या टेस्टने डेटाबेसमध्ये, ग्लोबल व्हेरिएबलमध्ये किंवा तात्पुरत्या फाइलमध्ये काहीतरी मागे सोडलं आहे.

दुसरा संशय वाट पाहण्यावर. 'दोन सेकंद थांब' असं लिहिलेली टेस्ट तुमच्या लॅपटॉपवर पास होते आणि सीआयच्या दमलेल्या मशीनवर पडते. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी अट पूर्ण झाली का हे दर १०० मिलिसेकंदांनी तपासा आणि कमाल मर्यादा १० सेकंद ठेवा. काम लवकर झालं तर टेस्टही लवकर संपते. ब्राउझरच्या टेस्टमध्ये प्लेराइट हे साधन बटणावर क्लिक करण्याआधी ते दिसतंय का, हलायचं थांबलंय का हे स्वतःच पाहतं. सेलेनियम या दुसऱ्या साधनात अशी अट तुम्हाला लिहावी लागते.

तिसरा संशय घड्याळावर. रात्री बारानंतर, महिनाअखेरीला किंवा सीआयचा टाइमझोन वेगळा असल्यामुळे पडणाऱ्या टेस्ट बऱ्याच असतात. 'आत्ताची वेळ' फंक्शनच्या आतून न घेता बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये ती हवी तशी ठरवता येते.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं? इथे बहुतेक जण घाई करतात आणि दहा वेळा पास झाली की विषय बंद करतात. वीसात एकदा पडणारी टेस्ट खरोखर सुधारली असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला ती सलग ५९ वेळा पास व्हायला हवी. शंभरात एकदा पडणारी असेल तर २९९ वेळा. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, जितक्या वेळांतून एकदा पडते त्याच्या तिप्पट वेळा चालवा.

तोपर्यंत ती टेस्ट वेगळ्या गटात काढा. त्या गटाने बिल्ड अडवू नये, पण त्यातल्या प्रत्येक टेस्टवर एका माणसाचं नाव आणि मुदतीची तारीख असलीच पाहिजे. मुदत संपूनही कोणी हात लावला नसेल तर टेस्ट काढून टाका. जिच्या निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही ती टेस्ट ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : कव्हरेज (टेस्टने चालवलेल्या ओळींचं प्रमाण) ९५ टक्के आहे, तरी अगदी साधा बग रिलीजमध्ये गेला. मग कव्हरेज मोजण्याचा उपयोग काय?

कोणत्या ओळी टेस्टने कधीच चालवल्या नाहीत हे कळणं, एवढाच. चालवलेल्या ओळीचा निकाल कोणी तपासला का, हे कव्हरेज सांगत नाही.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा, असा नियम घ्या. बारा अक्षरांचा चालतो आणि तीन अक्षरांचा चालत नाही, एवढ्या दोन टेस्टने कव्हरेज १०० टक्के होतं. आता कोडमधलं 'आठ किंवा जास्त' बदलून 'आठपेक्षा जास्त' करा. दोन्ही टेस्ट पासच राहतात. सात आणि आठ अक्षरं तपासली असती तर ही चूक लगेच पकडली गेली असती.

कोडमध्ये मुद्दाम अशा लहान चुका घालून टेस्ट पडते का हे पाहण्याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. पायथनसाठी म्युटमट, जावासाठी पिट आणि जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर ही साधनं आहेत. पूर्ण प्रोजेक्टवर ती एकदम चालवू नका. प्रत्येक चुकीसाठी ३० सेकंदांचा पूर्ण संच चालवला, तर दोन हजार चुकांना साडेसोळा तासांहून जास्त लागतात. बदललेल्या फाइलींपुरती चालवा, आणि आधी पैसे, परवानग्या व तारखांचा हिशेब करणारा कोड घ्या.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने विंडोजची मशीन बंद पाडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ती ८५ लाख होती. त्यातही गोष्ट अशीच होती. नियमांच्या साच्यात २१ फील्ड होती, ती पुरवणारा कोड २० च देत होता. टेस्टमध्ये एकविसाव्या फील्डला 'काहीही चालेल' अशी अट असल्यामुळे ते फील्ड कधी वाचलंच गेलं नाही. नव्या अपडेटमध्ये तिथे ठोस अट आली, कोडने मेमरीत हद्दीबाहेर वाचलं आणि मशीन कोसळली. 'काहीही चालेल' असं लिहिलेली टेस्ट दिसली, की तिथे एक खरं मूल्य घालून बघाच. आणि अपडेट कितीही छोटं असो, एकदम सगळीकडे सोडू नका.

प्रश्न : सीआयमध्ये आम्ही इतरांनी लिहिलेल्या बऱ्याच ॲक्शन (सीआयमधली तयार पावलं) आणि पॅकेजेस (तयार कोडचे संच) वापरतो. आवृत्ती लिहून ठेवली की पुरेसं आहे ना?

पुरेसं नाही, कारण टॅग, म्हणजे आवृत्तीला दिलेलं नाव, दुसऱ्या कोडकडे हलवता येतो. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स' या गटाच्या 'चेंज्ड-फाइल्स' या गिटहब ॲक्शनचे टॅग हल्लेखोरांनी दुसऱ्याच कमिटकडे (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाकडे) वळवले. तो कोड सीआयमधल्या गुप्त किल्ल्या बिल्डच्या लॉगमध्ये छापत होता. ज्यांनी टॅगऐवजी जुन्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (त्या कमिटची न बदलणारी ओळख) लिहिला होता, त्यांच्याकडे तोच जुना कोड चालत राहिला. तेव्हा पूर्ण हॅश लिहा आणि शेजारी कॉमेंटमध्ये आवृत्ती लिहा. गिटहबचा डिपेंडाबॉट असे हॅशही अद्ययावत करतो. शिवाय वर्कफ्लोला (सीआयच्या कामांच्या मालिकेला) मिळणाऱ्या टोकनची, म्हणजे प्रवेशाच्या किल्लीची, परवानगी फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि गरज असेल त्याच जॉबला वाढवून द्या.

नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमध्ये सीआयवर 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' चालवा. लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) आणि पॅकेजची यादी जुळली नाही तर ते तिथेच थांबतं. पायथनमध्ये पॅकेज बसवणाऱ्या पिपला प्रत्येक पॅकेजचा हॅश मागायला लावता येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मेन्टेनरला (पॅकेज सांभाळणाऱ्याला) फसव्या ईमेलने गाठून एनपीएमवरच्या 'चॉक' आणि 'डीबग' या पॅकेजेसच्या दूषित आवृत्त्या टाकल्या गेल्या. त्या साधारण दोन तासच उपलब्ध होत्या. अगदी ताजी आवृत्ती काही दिवस न घेणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. एनपीएमसारख्याच पीएनपीएम या साधनाच्या १०.१६ या आवृत्तीपासून त्यासाठी सेटिंग आहे. ते मिनिटांत लिहायचं असतं, म्हणजे तीन दिवसांसाठी ४३२०. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती आली तर मात्र हा नियम बाजूला ठेवायची मुभा ठेवा.

टेस्टच्या फोल्डरकडेही लक्ष द्या. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधला चोरदरवाजा टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये लपवला होता. कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मुद्दाम बिघडवलेल्या फाइली असणारच, म्हणून कोणाला शंका आली नाही. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे जाणवलं आणि त्यांनी मूळ शोधून काढलं. बायनरी टेस्ट फाइल कशी तयार झाली हे सांगणारी स्क्रिप्ट रिपॉझिटरीत असावी, हा आग्रह धराच.

प्रश्न : गेल्या महिन्यापर्यंत चालणारी गोष्ट आता चालत नाही. मधे हजारभर कमिट आहेत. कोणती बिघडली हे कसं शोधू?

'गिट बायसेक्ट'ने. ते दर फेरीत संशयित कमिट निम्म्या करत जातं. आत्ताची कमिट वाईट आणि महिन्यापूर्वीची चांगली असं सांगा, मग 'गिट बायसेक्ट रन'ला तपासणारी स्क्रिप्ट द्या. हजार कमिटना साधारण दहा फेऱ्या पुरतात. स्क्रिप्टने चांगल्याला ० आणि वाईटाला १ परत करावं. बिल्डच होत नसेल तर १२५, म्हणजे ती कमिट वगळली जाते. बिल्ड फेल झाल्यावर चुकून १ दिलं तर शोध भलतीकडे जातो. स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा, नाहीतर जुन्या कमिटवर गेल्यावर ती तिथे नसेल. आणि तपासणारी टेस्ट लहरी असेल तर स्क्रिप्टमध्ये ती पुरेशा वेळा चालवा, नाहीतर निरपराध कमिट पकडली जाईल.

प्रश्न : पायथन ३.१२ वर गेल्यावर 'असर्टइक्वल्स' सापडत नाही असा एरर येतो.

दोन मूल्यं सारखी आहेत का हे तपासणाऱ्या फंक्शनचं ते जुनं नाव ३.१२ मध्ये काढून टाकलं. शेवटचा 'एस' काढून 'असर्टइक्वल' करा. याच आवृत्तीने मॉकमधली (टेस्टसाठीच्या नकली ऑब्जेक्टमधली) एक जुनी पळवाटही बंद केली. 'असर्ट_कॉल्ड_वन्स'ऐवजी कोणी नुसतं 'कॉल्ड_वन्स' लिहिलं, तर आधी मॉक ते निमूटपणे स्वीकारायचं आणि टेस्ट नेहमीच पास व्हायची. आता तिथे एरर येतो. असे एरर आले तर ती ओळ काढून टाकू नका, नीट दुरुस्त करा. ती टेस्ट आजवर काहीच तपासत नव्हती, त्यामुळे दुरुस्तीनंतर ती फेल झाली तर कोडकडेही पाहा.