चोक ओढला तर चालतं, सोडला की बंद

भाऊ, कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) एकदा उतरवूनही होडीचं आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे लावलेलं) चोकवरच, म्हणजे हवा अडवली तरच चालतं, म्हणता. याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवत बसू नका. कार्ब्युरेटर पुन्हा उतरवा, स्लो जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) काढून उजेडाकडे धरा. भोक स्वच्छ, गोल दिसलं पाहिजे. तार मुळीच घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच वापरा.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, इंजिन पडून असतं. तेवढ्या दमट दिवसांत टाकीतलं इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढतं. ते बदलाच. जुनं गास्केट (जोडातून हवा शिरू न देणारी पट्टी) परत लावलं असेल तर तेही.

फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मॅन्युअलप्रमाणे ठेवा. आणि चाचणी पाण्याच्या पिंपातच घ्या. कोरडं चालवलं तर इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा) जळतो. मांडवी नदीत नंतर.