सम्राज्ञी कुनिगुंडेला संत का मानतात?

नवऱ्याने, म्हणजे पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या हेन्रीने संशय घेतला, म्हणून ती तापलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालली आणि पाय भाजले नाहीत, ही तिची गाजलेली कथा. आपल्याकडे याला ‘दिव्य’ म्हणतात. अर्थात ही दंतकथाच. जर्मनीतल्या बांबेर्गच्या कॅथेड्रलमध्ये दोघांच्या थडग्यावर हा प्रसंग कोरलाय. तिने झगा किंचित उचलून धरलाय.

मला तिचं खरं कर्तृत्व वेगळं वाटतं. १०२४ मध्ये हेन्री निपुत्रिक वारला, तेव्हा कारभार तिने सांभाळला आणि राजचिन्हं नव्या राजाकडे, कॉनराडकडे सोपवली. पुढच्याच वर्षी काउफुंगेनला स्वतःच स्थापलेल्या मठात नन झाली. पोप तिसऱ्या इनोसंटने १२०० मध्ये तिला संत घोषित केलं. नवरा मात्र ११४६ मध्येच संत झाला होता!