नायकच गुन्हेगार असलेल्या कादंबऱ्या का वाचाव्यात, आणि सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या गुन्हेगारी कादंबऱ्यांत नायकच खुनी, लबाड किंवा निर्ढावलेला असतो त्या वाचताना तो पकडला जाऊ नये असे मनापासून वाटू लागते आणि पुस्तक मिटल्यावर त्याची लाज वाटते. मग अशी पुस्तके वाचावीत का, आणि वाचायची तर पहिले कोणते घ्यावे. मी सोलापूरचा. एका विमा कार्यालयात मृत्यूदाव्यांच्या टेबलावर एकोणतीस वर्षे काम करून निवृत्त झालो, आणि या पुस्तकांची गोडी मला त्या टेबलावरच लागली. त्यामुळे माझे उत्तर थोडेफार तिथूनच येईल.

आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी आपण नेहमी एकाच नावाखाली बोलतो. ज्याला हार्डबॉइल्ड म्हणतात त्या कथांत एक रापलेला, कोरड्या बोलण्याचा गुप्तहेर बरबटलेल्या शहरात शिरतो आणि स्वतःचा एखादा नियम सांभाळत काम उरकतो. १९२० साली सुरू झालेल्या 'ब्लॅक मास्क' या अमेरिकन मासिकात ही रीत घडली आणि डॅशिएल हॅमेटने तिला वजन दिले. तो स्वतः पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरी केलेला होता, म्हणून त्याच्या लिखाणात पाठलागाचा कंटाळासुद्धा खरा वाटतो. नुआर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. १९४५ साली पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने 'सेरी नुआर' ही मालिका काढली आणि पुढे हा शब्द या साऱ्या साहित्याला चिकटला. तपास करणाऱ्याऐवजी गुन्हा करणारा किंवा गुन्ह्यात रुतत जाणारा माणूस जिथे मध्यभागी येतो त्या कादंबरीला मी नुआर म्हणतो, आणि आपला प्रश्न मुख्यतः तिच्याविषयी आहे.

तरीही हॅमेटची 'रेड हार्वेस्ट' ही १९२९ ची कादंबरी मला सोडवत नाही, आणि त्याचे कारण सोलापूर आहे. तिच्यातल्या खाणींच्या गावात एकच धनिक खाण, बँक आणि वर्तमानपत्रे बाळगून असतो. कामगारांचा संप मोडण्यासाठी तो बाहेरून गुंड आणतो, संप मोडतो, पण गुंड परत जात नाहीत आणि गावच आपसांत वाटून घेतात. ज्याने गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजणारे गाव पाहिले आहे त्याला हे कथानक परके वाटत नाही. त्या गावात आलेला हेर, ज्याचे नाव लेखक शेवटपर्यंत सांगत नाही, टोळ्यांना एकमेकांवर घालतो आणि मध्येच कबूल करतो की आता या रक्तपाताची आपल्यालाच चटक लागते आहे. कायद्याच्या बाजूचा माणूस इथे प्रथमच इतक्या उघडपणे स्वतःच्या हाताकडे पाहतो, आणि नुआरची वाट मला इथूनच फुटलेली दिसते.

आता ज्या पुस्तकाने मला धरले त्याविषयी. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर नावाच्या बाईने प्रियकराच्या मदतीने नवऱ्याचा खून केला. त्याच्या नकळत त्याच्या नावावर पॉलिसी काढलेली होती आणि अपघाती मृत्यू झाल्यास दुप्पट रक्कम मिळणार होती. दोघांनाही जानेवारी १९२८ मध्ये विजेच्या खुर्चीवर देहान्त शासन झाले. जेम्स केन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पत्रकार होता. या बीजावर त्याने 'डबल इंडेम्निटी' लिहिली. ती १९३६ साली क्रमशः आणि १९४३ साली पुस्तकात आली. त्या नावाचा अर्थ आमच्या कार्यालयातल्या शिपायालाही कळला असता, कारण दुहेरी अपघात लाभाचे दावे आमच्याकडे रोज येत. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल ही कागदपत्रे लावली की रकमेचा आकडा दुप्पट होई.

कथेतला वॉल्टर हफ हा विमा विकणारा माणूस मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करायला एका घरी जातो आणि त्या घरची बाई अगदी सहज अपघात विम्याची चौकशी करते. हफला त्याच क्षणी सगळे कळते. तिथून निघून जावे हेही त्याला कळते, आणि तो निघूनही जातो. पण मनातून तो विचार जात नाही, कारण तो विचार त्याच्या मनात त्या बाईच्याही आधीपासून होता. तो सांगतो की, ज्याने वर्षानुवर्षे जुगाराच्या चक्राजवळ उभे राहून लोकांच्या लबाड्या पकडल्या, त्याला एका रात्री वाटते की हे चक्र आपणच फिरवून पाहावे. हा परिच्छेद वाचून मी पुस्तक उलटे ठेवले आणि बराच वेळ बसून राहिलो. दावे तपासणारा प्रत्येक जण मनातल्या मनात निर्दोष दावा रचत असतो; कोणता कागद कुठे अपुरा पडतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्या बाईच्या नवऱ्याचा खून तो रेल्वेगाडीवरून पडून मेला असा देखावा करून लपवला जातो. पुढे दावे विभागाचा प्रमुख कीज आत्महत्यांचे तक्ते पुढे करून संथ चालणाऱ्या रेल्वेगाडीवरून उडी टाकून कोणी आत्महत्या करीत नाही असे ठणकावतो, तेव्हा तर मला आमच्याच कार्यालयातला आवाज ऐकू आला.

हफला नीतिशून्य म्हणतात ते मला पटत नाही. अनैतिक माणूस नियम जाणून मोडतो आणि नीतिशून्य माणसाला नियमाचा प्रश्नच पडत नाही. हफला प्रश्न पडतो, फक्त प्रत्येक वेळी त्याच्याजवळ उत्तर तयार असते. ही तयार उत्तरे ऐकणे हाच या कादंबऱ्या वाचण्याचा मुख्य लाभ आहे असे मी मानतो, आणि ते मला एका एजंटामुळे उमगले.

ते पूर्वी शाळेत शिकवीत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग कामगार त्यांचे ग्राहक. त्यांच्या एका ग्राहकाचा पॉलिसी घेतल्यापासून चौदा महिन्यांत मृत्यू झाला. दोन वर्षांच्या आतला दावा आमच्याकडे आपोआप चौकशीला जात असे. चौकशीत रुग्णालयाचा केसपेपर मिळाला. अर्ज भरण्यापूर्वीच त्या माणसाचे क्षयाचे औषध चालू होते आणि अर्जातल्या आजाराच्या प्रश्नापुढे मास्तरांच्या वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलेले होते. अंगठा कामगाराचा होता. मी मास्तरांना बोलावले. त्यांनी चष्मा काढून पंच्याने पुसला आणि म्हणाले, "साहेब, मी काय माझ्या खिशात घातलं का? ती बाई विड्या वळते. हजार विड्यांचे हातात किती पडतात तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या लेकरांचं भलं होत होतं, तर मी 'हो' कोणत्या हाताने लिहू?" मला उत्तर सुचले नाही. मी त्यांना चहा दिला आणि वरिष्ठांना अहवाल लिहायला आठ दिवस लावले.

त्यानंतर त्यांचे जुने अर्ज काढून पाहिले तेव्हा तोच 'नाही' आणखी नऊ ठिकाणी सापडला. पहिल्या दोन-तीन अर्जांत खरोखरच हलाखीची घरे होती. पुढच्या काहींवर मार्च महिन्याच्या अखेरच्या तारखा होत्या, म्हणजे दया आता वर्षाअखेरच्या उद्दिष्टाच्या कामी आली होती. शेवटच्या एका अर्जातला नॉमिनी विमाधारकाचा नातेवाईकच नव्हता. मास्तर वाईट माणूस होते असे मी आजही म्हणणार नाही. पण पहिल्या आणि दहाव्या अर्जात अक्षर तेच, शाई तीच, आणि मला खात्री आहे की मनाशी दिलेले कारणही तेच होते. केन काय करतो हे मला त्या दहा कागदांनी समजावले. तो दहावा कागद आधी दाखवीत नाही. तो आपल्याला पहिल्यावर सही करायला लावतो आणि मग आपला हात सोडत नाही. आपल्याला वाटणारी लाज तिथली आहे, आणि ती वाटत असेल तर आपण पुस्तक नीट वाचता आहात.

हे सोलापुरातून सांगताना आणखी एक गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटते. आमच्या गावात सेटलमेंट नावाचा भाग आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि इथे त्यांना काटेरी तारेच्या कुंपणात ठेवले. हजेरी देऊन बाहेर पडायचे, हजेरीला परत यायचे. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. गुन्हेगार ही वेगळी जात असते, तिचा चेहरा वेगळा असतो, ती कुंपणाच्या आत राहते, ही समजूत ज्या गावात कायदा म्हणून नांदली त्या गावातल्या वाचकाला नुआरची गरज अधिक आहे. या कादंबऱ्यांत गुन्हा इस्त्रीचे कपडे घालून, कार्यालयाच्या वेळा पाळून येतो. त्यांच्या शेजारी लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ सालचे आत्मकथन ठेवून वाचावे. ते नुआर नाही, पण चोर हा शिक्का ज्याच्यावर जन्माआधीच बसला त्याच्या तोंडून चोरीची हकिगत ऐकली म्हणजे वॉल्टर हफला केवढी सवलत मिळाली होती ते दिसते.

आपल्या शंकेची दुसरी बाजूही खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. या प्रकारात निव्वळ क्रौर्य विकणारी पुस्तके पुष्कळ आहेत. आमच्या तरुणपणी जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर मुखपृष्ठे फाटलेली जेम्स हॅडली चेसची पुस्तके ढिगाने मिळत आणि मी ती अधाशासारखी वाचली. जॉर्ज ऑर्वेलने १९४४ साली चेसच्या 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' या पहिल्या कादंबरीवर लिहिताना आक्षेप घेतला की इथे पूजा फक्त सत्तेची आहे. जुन्या कथांतल्या सभ्य चोराला निदान 'हे आपण करायचे नाही' अशी एक रेघ तरी असे. तो आक्षेप मला मान्य आहे आणि मी त्याची चाळणी करतो. ज्याच्यावर अत्याचार होतो तो माणूस पुस्तकात माणूस म्हणून उरतो का, एवढे मी पाहतो. जिम टॉम्पसनची १९५२ ची 'द किलर इनसाइड मी' टेक्ससमधल्या एका गोडबोल्या डेप्युटी शेरिफच्या तोंडून सांगितलेली आहे आणि त्या आवाजाची पकड विलक्षण आहे, परंतु तिच्यातली स्त्रियांवरची मारहाण वाचणे मला दोनदा थांबवावे लागले. ती पहिली म्हणून मुळीच घेऊ नये. डोरोथी ह्यूजची 'इन अ लोनली प्लेस' ही १९४७ ची कादंबरीही खुन्याच्याच नजरेने चालते, पण त्याच्या आसपासच्या स्त्रिया त्याला हळूहळू ओळखू लागतात आणि वाचकाला ते त्याच्याआधी कळते. या प्रकारातले इतके न्यायी पुस्तक मी दुसरे वाचलेले नाही.

मराठीत असे काय आहे, असे पुढे आपण विचाराल. बाबुराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड हे आमच्या वडिलांच्या पिढीचे लाडके, परंतु ते मनाने सज्जन. कायद्याबाहेर राहूनही ते दुष्टांनाच धडा शिकवतात. सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वासही अखेर न्यायाच्याच बाजूचे. हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक यांचा विमल हा फरारी दरोडेखोर या वाटेच्या अधिक जवळचा आहे. '६५ लाख की डकैती' ही १९७७ ची कादंबरी त्याच मालिकेतली. मराठीतला वॉल्टर हफ मात्र मला अजून भेटलेला नाही. पतपेढीचा व्यवस्थापक, जमिनीचे व्यवहार पाहणारा तलाठी, बिले काढणारा कंत्राटदार यांपैकी कोणी तरी प्रथमपुरुषी, शांतपणे, आपली कारणे देत आपली हकिगत सांगावी, अशी कादंबरी वाचण्याची माझी फार इच्छा आहे.

तेव्हा पहिली 'डबल इंडेम्निटी' घ्यावी, दुसरी ह्यूजची. त्यानंतर पॅट्रिशिया हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' घ्यावी, १९५५ ची; खरा नीतिशून्य नायक तिच्यात भेटतो, आणि आधी हफ वाचलेला असला म्हणजे दोघांतला फरक बोचतो. इंग्रजीची धास्ती नसावी, केनची वाक्ये आखूड आणि बोलण्यातली आहेत. पुस्तक इतके लहान आहे की मी ते बहुतेक सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये पुण्याला जाताना वाचले. कुर्डुवाडीला पॉलिसीवर सही झालेली होती. दौंडला गाडी थांबली तेव्हा पुस्तकात हफ त्या नवऱ्याचे सोंग घेऊन, कुबड्यांसह, त्याच्या गाडीच्या मागच्या टोकाला उभा होता, आणि मी उठून दारापाशी गेलो व आमच्या गाडीच्या शेवटच्या डब्याकडे पाहत राहिलो. उरलेली प्रकरणे त्या रात्री पुण्यात मुलीच्या घरी, सगळे झोपल्यावर वाचली.