वडिलांच्या स्मरणार्थ कॉलेजात शिष्यवृत्ती ठेवायची असेल तर पैसे कसे द्यावेत?

वडिलांच्या स्मरणार्थ चोपड्याकडच्या कॉलेजात गरजू मुलांसाठी १ लाख रुपये ठेवायचे आहेत, ते कसे ठेवू, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका स्मृती शिष्यवृत्तीच्या आधाराने बीएस्सी झालो, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडे कॉलेजचे प्रवेश आणि पेरणी एकदमच येतात. घरात होता नव्हता तो पैसा जूनमध्ये कपाशीच्या बियाण्यात आणि खतात जातो. कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीकडे. माझी पहिल्या वर्षाची फी आईने बचत गटातून पैसे उचलून भरली. शिष्यवृत्ती मला मिळाली, पण जानेवारीत, स्नेहसंमेलनात. माइकवरून आधी "गरीब व गरजू विद्यार्थी" असं पुकारलं, मग माझं नाव. पाकिटात १,५०१ रुपये होते, वरचा रुपया पाकिटाला चिकटवलेला. स्टेजच्या पायऱ्या चढताना मी मान वर केली नाही. तोवर एप्रन नाही म्हणून केमिस्ट्रीची दोन प्रॅक्टिकल्स बुडाली होती.

घरी आईने ते पाकीट देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, "हाऊ कोनातरी बापना पैसा शे, जपीसन वापर."

म्हणून कॉलेजला पत्र देताना स्पष्ट लिहा: रक्कम जुलैअखेर थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावी, जाहीर कार्यक्रमात वाटू नये.

दुसरं, गुणानुक्रमाची अट घालू नका. ८५ टक्क्यांच्या मुलाला बक्षिसं मिळतातच. शनिवार-रविवार कापूस वेचायला जाणारी मुलगी ५५ टक्क्यांवर असते, तिला कुणी विचारत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि वर्गशिक्षकांचं मत एवढं पुरे. "इतर शिष्यवृत्ती घेणारा अपात्र" हे वाक्यही नको. राजर्षी शाहू महाराज योजनेसारख्या सरकारी शिष्यवृत्त्या फीचा भार हलका करतात, पण एसटीचा पास, जर्नल, खानावळ हे खर्च उरतातच. सवलतीच्या पासालाही भाड्याचा तिसरा हिस्सा खिशातून द्यावा लागतो, तोही दर महिन्याला.

ठेव की थेट खर्च? बहुतेक जण ठेव ठेवतात. १ लाखावर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६,५०० रुपये व्याज येईल. दहा वर्षांनी फी कुठल्या कुठे गेलेली असेल आणि व्याज तेवढंच. मला विचाराल तर दरवर्षी २०,००० असे पाच वर्षं द्या. चार मुलांना ५,००० मिळाले तर त्यांचं वर्ष खरंच सुटतं. पुढे जमलं तर भर घाला. पैसे चेकनेच द्या. संस्थेकडे ८०-जी, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता, असेल तर तशी पावती मागा. २,००० च्या वर रोख दिलेल्या देणगीला वजावट मिळत नाही, आणि मिळते तीही जुन्या करप्रणालीतच.

शेवटचं, आणि हे नक्की करा. वडिलांबद्दल चार ओळी लिहून द्या आणि निवड झालेल्या प्रत्येक मुलाला ते पत्र मिळेल असं बघा. शेती करायचे की नोकरी, कितवीपर्यंत शिकले, काय आवडायचं. माझ्या पाकिटावर फक्त "कै." आणि एक नाव छापलेलं होतं. ते गृहस्थ कोण होते, हे मला आजही माहीत नाही.