मुंग्या कॅल्शियमच्या की भीतीच्या?

"ऑपरेशनला चार महिने झाले. ओठांभोवती मुंग्या येतात, छाती धडधडते. घरचे म्हणतात टेन्शन घेतेस. हे खरंच मनाचं आहे का?" पॅराथायरॉइडची गाठ काढलेलं कुणी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आलं की मला नागपुरातल्या मानेवाड्याच्या एक ताई आठवतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

ताई ब्लाउज शिवतात. सारखे मुतखडे होत म्हणून तपासण्या झाल्या, तेव्हा रक्तात कॅल्शियम जास्त निघालं. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्यातली एक फुगली होती. ती काढली आणि मग उलटंच झालं, कॅल्शियम घसरलं. ते घसरलं की मुंग्या येतात. ते का, हे त्यांना कोणी समजावलं नव्हतं. फुगलेली ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत होती. ती गेल्यावर उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात आणि इतके दिवस काम नसलेल्या बाकीच्या तीन ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. मी कागदावर काढून दाखवलं तर म्हणाल्या, "म्हणजे मोठा भाऊच सारं करून राहिला होता, बाकीचे आळशी झाले!"

पहिल्या भेटीत त्यांच्याकडे आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट होता. कॅल्शियम 8.7, नॉर्मल. मीही तो पाहिला, पॅनिक समजले आणि संथ श्वास शिकवला. चूक माझीच.

दुसऱ्या भेटीत बोलता बोलता त्यांचा उजवा हात टेबलावर होता. अंगठा हळूहळू तळव्यात ओढला गेला, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली. बांगडी चढवताना हात चिमटून धरतात ना, तसा. डाव्या हाताने सोडवायला गेल्या, सुटेना. "असंच होते जी. सुई धरता येत नाही." समुपदेशन तिथेच थांबवलं, मुलाला फोन केला आणि थेट कॅज्युअल्टीत पाठवलं. कॅल्शियम 7.1 निघालं, शिरेतून द्यावं लागलं.

त्या दिवशी संकष्टी होती. मला तेव्हा हे सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात मुंग्यांच्या वेळा वहीत लिहायला सांगितल्या. वही आली तेव्हा गुरुवारी-गुरुवारी खुणा दिसल्या. ताई संकष्टीसारखा गुरुवारचाही उपवास करायच्या. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची असते, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. उपवासाच्या दिवशी जेवण नाही म्हणून ताई गोळीच घेत नव्हत्या. शिवाय ॲसिडिटीची गोळी रोज चालू होती, तिने उरलंसुरलं आम्लही कमी होत होतं. आणि नॉर्मल आलेला रिपोर्ट मंगळवारचा, जेवणाच्या दिवसाचा!

वही घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डोस मी ठरवत नाही, पण इतकी साफ वही पाहून डॉक्टरांनी दोन मिनिटांत प्रश्न सोडवला. रिकाम्या पोटीही चालणारी कॅल्शियम सायट्रेटची गोळी दिली, ॲसिडिटीचीही बदलली. कॅल्सिट्रिऑल, म्हणजे कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करणारं 'ड' जीवनसत्त्वाचं तयार रूप, आधीपासून आहेच.

तरी थोड्या मुंग्या राहिल्याच. त्या बाजारात, गर्दीत यायच्या. भीतीने भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मोकळं कॅल्शियमही तेवढ्यापुरतं कमी होतं. म्हणजे भीतीच्या मुंग्याही खोट्या नसतात, मग घरच्यांनी 'टेन्शन' म्हणून हिणवायचं कशाला? फक्त क्रम पाळायचा. आधी गोळी घेतली का ते बघायचं, डॉक्टरांनी लिहून दिलेला जादा डोस घ्यायचा, मग श्वास संथ करायचा. हात आखडला, घसा आवळल्यासारखा झाला किंवा झटका आला तर वाट न बघता दवाखाना. नागपूरच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तरी आधी डॉक्टरांना फोन, कारण गोळी पोटात टिकत नाही.

"आयुष्यभर का जी?" असं त्यांनी विचारलं. अनेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत, महिन्यांत जाग्या होतात, काहींच्या होत नाहीत. मी खोटा दिलासा दिला नाही. सहा महिन्यांच्या तपासणीनंतर डॉक्टर सांगतील म्हटलं.

परवा आल्या तेव्हा कॅल्शियम 8.4 होतं. पर्समध्ये सुपारीची जुनी स्टीलची डबी, तिच्यात सकाळ-दुपार-रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या कागदात गुंडाळलेल्या. मी संकष्टीचं विचारलं.

"बाप्पाला सांगून टाकलं जी," त्या म्हणाल्या, "उपवास तुझा, गोळी माझी."