सायकल नवीच आहे, पण कुणाच्या मापाची?

प्रश्न : 2020 च्या लॉकडाऊननंतर सगळ्यांना सायकलचं वेड लागलं होतं तेव्हा ह्यांनीही एक गियरची माउंटन बाइक घेतली, 28 हजाराची. खडकवासल्याला दोनदा जाऊन आले, एकदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, आणि मग मान दुखते, हात बधिर होतात असं करत करत ती गॅलरीत गेली ती गेलीच, आता तिच्यावर टॉवेल वाळतात. विकायला ऑनलाइन टाकलीय तर जो तो विचारतो फ्रेम साइज काय. मी टायरवर बघून 27.5 सांगितलं. एक मुलगा पिंपरीहून एवढ्या लांब आला, बसून बघितली आणि म्हणाला काकू ही मला मोठी होतेय, गेला निघून. मग मी टेपने मोजलं, पायडल जिथे बसतात तिथपासून वरपर्यंत 48 सेंमी भरलं. ह्यांची उंची 5 फूट 4 इंच. नक्की साइज काय सांगू आणि किंमत किती लावू? सायकल अगदी नवीच आहे हो.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, आधी तुमच्या मिस्टरांची बाजू घेतो, कारण गॅलरीत पडलेल्या सायकलीचं खापर नेहमी माणसाच्या आळशीपणावर फुटतं. तुमचं 48 सेंमीचं माप बरोबर असेल तर 48 भागिले 2.54, म्हणजे जवळजवळ 19 इंच. 19 इंची माउंटन बाइक ही साधारण 5 फूट 10 ते 6 फूट उंचीच्या माणसाची. 5 फूट 4 इंचाच्या माणसाला 15-16 इंची लागते, फार तर 17. म्हणजे ते बिचारे खडकवासल्यापर्यंत जाऊन आले तेच खूप झालं, हँडल लांब पडतं, मग माणूस ओणवा होऊन हातांवर भार टाकतो, मान वर करून रस्ता बघतो, आणि मान दुखणं, हात बधिर होणं ही त्याचीच लक्षणं. सीट खाली करून हे जात नाही बरं का, सीट खाली केल्याने पाय टेकतात पण हँडल तिथेच राहतं. त्या वर्षी सायकलींना इतकी मागणी होती की बऱ्याच दुकानांत जी शिल्लक होती तीच "तुम्हाला परफेक्ट आहे साहेब" म्हणून गळ्यात मारली गेली. तुमचं तसंच झालं असणार असं मला वाटतं.

आता 27.5 चं. तो चाकाचा आकडा आहे, फ्रेमचा नाही. ही चूक तुमची एकटीची नाही, आपण लहानपणापासून "22 ची सायकल, 24 ची सायकल" असंच बोलत आलो त्यामुळे एकच आकडा असतो असं डोक्यात बसलंय. माउंटन बाइकला चाक 26, 27.5 किंवा 29 इंची येतं आणि एकाच 27.5 च्या चाकावर 15 इंची फ्रेमही मिळते नि 21 इंचीही. टायरवर अजून बारीक बघितलंत तर 57-584 असं काहीतरी कोरलेलं दिसेल, त्यातलं 584 म्हणजे मिलिमीटरमधे रिमचं माप, 26 ला ते 559 असतं आणि 29 ला 622. टायर बदलताना उपयोगी पडतं, विकताना कुणी विचारणार नाही.

फ्रेमचं माप म्हणजे सीटखालची उभी नळी. खालचं टोक म्हणजे पायडलचे दोन्ही दांडे ज्या आसावर फिरतात त्या आसाचा मधला बिंदू, आणि वरचं टोक म्हणजे फ्रेमची नळी जिथे संपते आणि सीटचा दांडा आवळणारा क्लॅम्प बसतो तिथपर्यंत, सीटपर्यंत नाही! तुम्ही "वरपर्यंत" लिहिलंय म्हणून विचारतो, कारण लोक बिनधास्त सीटपर्यंत टेप लावतात आणि मग 27 इंची, 30 इंची असले आकडे येतात, तेवढी फ्रेम कुणाला लागत नाही. तुमचं 48 आलंय म्हणजे तुम्ही क्लॅम्पपर्यंतच मोजलंय. तरी एकदा टेप सरळ नळीला चिकटवून परत बघा. अजून एक भानगड अशी की काही कंपन्या नळीच्या टोकापर्यंत न मोजता, हँडलकडून येणारी आडवी नळी उभ्या नळीला जिथे मिळते त्या जोडाच्या मध्यापर्यंत मोजतात, त्यामुळे इंच-दीड इंचाचा फरक पडतो, म्हणून उभ्या नळीवर सीटच्या थोडं खाली स्टिकर आहे का बघा, एम किंवा एल, किंवा नुसता आकडा. सायकल उलटी केलीत तर पायडलच्या आसाखाली एक लांबलचक नंबर ठोकलेला दिसेल, तो साइज नाही, तो सीरियल नंबर. तो जपून ठेवा, लागणार आहे.

आता खरी गंमत. हल्लीच्या फ्रेमना आडवी नळी आडवी नसतेच, मागे उतरती असते. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीला ती सरळ होती, जिच्यावर पुढे टॉवेल गुंडाळून आपल्याला बसवायचे, तेव्हा उभ्या नळीवरून सगळा अंदाज यायचा. आता नळी उतरती म्हणजे उभी नळी आखूड, पण सायकल लांबच. म्हणून जाणकार गिऱ्हाईक अजून एक माप मागेल, हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकाच्या मध्यापासून जमिनीला समांतर मागे येत सीटच्या दांड्यापर्यंत. भिंतीला सायकल टेकवून एक लांब पट्टी किंवा सरळ काठी आडवी धरली की काम होतं. 19 इंचीला हे साधारण 60 सेंमीच्या आसपास येतं. हे एक माप जाहिरातीत टाकलंत ना, तर अर्धे फालतू फोन आपोआप बंद होतील.

जाहिरात अशी लिहा : माउंटन बाइक, फ्रेम 19 इंच (48 सेंमी), चाक 27.5, 5 फूट 10 ते 6 फूट उंचीसाठी. उंची आधी लिहा, 21 गियर वगैरे नंतर. गियर किती यावर किंमत ठरत नाही, 21 गियर तर स्वस्तातल्या सायकललाही असतात. त्यापेक्षा मागच्या चाकाजवळ गियर बदलणारा जो भाग लोंबतो त्याच्यावर काय छापलंय ते वाचून लिहा. शिमानोचं टूर्नी असेल तर सगळ्यात खालची पायरी, त्यावर अल्टस, असेरा, अलिव्हिओ आणि मग देओरे. आणि ब्रेक डिस्क आहेत का, असतील तर तारेचे की तेलाचे, तेही लिहा.

"अगदी नवीच आहे" हे मात्र लिहू नका, प्लीज. न वापरलेली सायकल नवी राहत नाही, लोणच्यासारखी मुरत नाही ती. हवा उतरलेल्या टायरवर चार-पाच वर्षं उभी राहिली की टायरच्या कडेला बारीक चिरा पडतात, चेनला गंज धरतो, पुढच्या चिमट्याचे शॉकअप सुकतात, ग्रीस घट्ट होतं, आणि गॅलरीत तर पाऊस आत येतो. नखाने टायर दाबून बघा, चिरा दिसल्या तर गिऱ्हाइकालाही दिसणारच. त्यापेक्षा आधी जवळच्या सायकलवाल्याकडून ओव्हरऑइलिंग करून घ्या, हवा, ब्रेक, गियर सेट, चाक आऊट असेल तर ते सरळ करून घ्या. हजारेक रुपये गेले तरी ते किमतीत परत येतात. टॉवेल काढून, चेनच्या बाजूने, उजेडात, पूर्ण सायकलचा फोटो. मग "फक्त तीनदा चालवलेली, सर्व्हिसिंग केलेली, बिल आहे" असं लिहा. बिल का, तर चोरीच्या सायकली खूप फिरतात, शहाणा माणूस बिल आणि सीरियल नंबर जुळवून बघतो. विकल्यावर साध्या कागदावर नंबर टाकून दोघांच्या सह्या करा, गाडीसारखं आरसी बुक नसतं ना सायकलला.

किंमत म्हणाल तर मी 13 लावेन आणि 11 ला सोडेन. तुम्हाला जीव तुटेल, मला कळतं, पण त्याच पैशात थोडी भर घालून गिऱ्हाइकाला दुकानातून वॉरंटीसकट साधी नवी मिळते, तो तुमच्या 28 हजाराकडे बघत नाही.

आणि एक. "मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, सायकल न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असा फोन येईलच. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. फोन ठेवा. कुणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला कळवा.

ह्यांना सांगा, पायांची आतली उंची मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांत जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबायचं, भिंतीवर पेन्सिलची खूण, जमिनीपासून सेंमीत मोजायचं. शिंप्याने पँटसाठी घेतलेलं माप चालत नाही, ते कमी भरतं. आलेल्या आकड्याला 0.225 ने गुणा. त्यांचं 74 आलं तर 16.65, म्हणजे 16-17 इंची. आलेल्या पैशात सेकंडहँड छोटी मिळाली तर बघा, माझा अंदाज आहे की मान दुखणार नाही.

प्रश्न : मुलगा तेराचा आहे, उंची 5 फूट. झपाट्याने वाढतोय म्हणून दोन साइज मोठी घेऊन ठेवावी का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : नको हो. शाळेचा युनिफॉर्म दोन बोटं मोठा चालतो, सायकलला खाली दुमडून शिवायची सोय नाही. सायकलच्या मधे दोन्ही पाय टेकून उभं केल्यावर आडवी नळी आणि मांड्यांच्या मधे दोन इंच तरी मोकळं हवं, नाहीतर अचानक थांबताना मुलाला जे लागतं ते तो तुम्हाला सांगणारही नाही. 13-14 इंची फ्रेम घ्या, सेकंडहँडच घ्या, दोन वर्षांनी विका. सीट वर करायला जागा असतेच, फक्त सीटच्या दांड्यावर जी कमाल मर्यादेची रेघ असते ती बाहेर दिसता कामा नये.

प्रश्न : इकडे श्टुटगार्टला जुनी सायकल घ्यायला निघालोय. पायांची आतली उंची 82 सेंमी. एक जण म्हणतो तुला 54 लागेल, दुसरा म्हणतो 47. दोघंही जर्मन, दोघंही ठाम!
— एक वाचक, जर्मनी

उत्तर : दोघंही बरोबर आहेत. पहिला ट्रेकिंग सायकलचं बोलतोय (नाव ट्रेकिंग, पण ती रोज रस्त्यावर चालवायची सायकल), तिथे 82 ला 0.66 ने गुणतात, 54 सेंमी. दुसरा माउंटन बाइकचं, तिथे 0.225 ने गुणून इंच येतात, जवळजवळ साडेअठरा, म्हणजे 47 सेंमी. तुम्ही आधी ठरवा ऑफिसला जायचंय की जंगलात, मग त्या दोघांपैकी एकाला बरोबर घेऊन जा, तिकडची माणसं भाव करायला जरा लाजतात असं ऐकलंय, तेवढं तुम्ही करा.