डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेला पक्षी कोणता? काय खातो?

हा शिपाई बुलबुल. ताठ काळा तुरा, डोळ्यामागे लाल ठिपका आणि त्याखाली पांढरा गाल, एवढं एकत्र दिसलं की शंका नको. शेपटीखालच्या लाल रंगावर मात्र विसंबू नका. तो लालबुड्या बुलबुललाही असतो, आणि दोघे एकाच झाडावर फळं खाताना मी कितीदा पाहिलेत! लालबुड्याचं डोकं सगळं काळं, तुरा आखूड, उडताना कंबर पांढरी दिसते. शिपाई विरळ झाडीत, झुडपांत, बागांत जोडीने फिरतो; वड-उंबराची आणि घाणेरीची फळं खातो, बिया दूर नेऊन टाकतो. पिल्लांना किडे, अळ्याही भरवतो. नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लांना लाल ठिपका नसतो, तेव्हा तुरा आणि पांढरा गाल पाहा.